हुकाला टांगलेला चहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पुण्यासारख्या शहरात घरची बरीचशी खरेदी दुचाकीवरून होते आणि तिच्यात पातळ पदार्थांचा वाटा आपल्या लक्षात येतो त्याहून मोठा असतो. सकाळी दुधाच्या पिशव्या, दुपारी खानावळीतून आणलेले ताक किंवा सोलकढी, उन्हाळ्यात रसवंतीवरून बांधून घेतलेला उसाचा रस, पाहुणे आले की शीतपेयाची दोन लिटरची बाटली, नळाला पाणी नसेल तेव्हा वीस लिटरचा जार, आणि बाराही महिने, वेळी-अवेळी, चहा. हेल्मेट, सिग्नल आणि उलट दिशेने येणारी वाहने यांवर वाचकांच्या पत्रांत नेहमी लिहिले जाते. या पातळ ओझ्याविषयी मात्र सहसा कोणी लिहीत नाही, कारण सांडले तर आपलेच सांडले, त्यात इतरांचे काय गेले, अशी आपली समजूत आहे. ती समजूत चुकीची आहे. वाहनावरचा ताबा आणि भाजण्याचा धोका असे दोन गंभीर प्रश्न त्यात आहेत आणि त्यांची निम्मी जबाबदारी तरी पेय बांधून देणाऱ्या दुकानदाराने घ्यायला हवी, एवढेच मांडण्यासाठी हे पत्र आहे.

संध्याकाळी कोणत्याही अमृततुल्यासमोर थोडा वेळ उभे राहून पाहावे. कोणी ‘चार पार्सल’ म्हटले की चहावाला उकळता चहा गाळणीतून पातळ पिशवीत ओततो, पिशवीच्या तोंडाला पीळ देतो, त्यावर दोऱ्याचे चार वेढे मारतो आणि चार कागदी कपांसह ती दुसऱ्या पिशवीत सोडतो. गिऱ्हाईक ही पिशवी स्कूटरच्या हँडलखालच्या हुकाला अडकवते. पुष्कळदा त्या हुकाच्या मागेच, पाय ठेवायच्या मोकळ्या जागेत, चार-पाच वर्षांचे मूल उभे असते आणि हुक बरोबर त्याच्या छातीच्या उंचीवर येतो. गाडीने ब्रेक मारला की टांगलेली पिशवी आधी पुढच्या पत्र्यावर आपटते आणि मग झोका घेऊन मागे, म्हणजे त्या मुलाच्या अंगावर, येते. दोऱ्याची गाठ किती वेळा सुटत नाही यावर आपण सारे भरवसा ठेवून असतो. पण पिशवी गाठीशी क्वचितच फुटते, ती फुटते खालच्या चिकटवलेल्या शिवणीशी किंवा जिथे किल्लीचे टोक लागते तिथे, आणि ती जागा बांधणाऱ्याला दिसतसुद्धा नाही.

असा चहा पिशवीत पडतो तेव्हा उकळी नुकतीच शमलेली असते. तीन-चार चौक पार करून घरी पोहोचेपर्यंत तो पिण्याजोगा गरम राहावा हीच तर गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. साठ अंशांच्या द्रवाने मोठ्या माणसाची त्वचादेखील पाच-सहा सेकंदांत खोलवर भाजू शकते; मुलांची त्वचा पातळ असल्याने त्यांना तेवढाही अवधी मिळत नाही, आणि भिजलेला कपडा ती उष्णता अंगाला धरून ठेवतो. असा प्रसंग ओढवलाच तर गाडी बाजूला घेऊन भिजलेला कपडा काढावा, भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा, आणि टूथपेस्ट, शाई, बर्फ यांपैकी काहीही लावू नये.

राहिला पिशवीच्या कायदेशीरपणाचा प्रश्न. राज्य शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून प्लास्टिकच्या अशा पिशव्यांवर बंदी घातली आणि पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार आणि तिसऱ्याला पंचवीस हजार रुपये दंडासह तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद केली. त्यानंतरही चहा पिशवीतूनच जातो आहे. कारवाईच्या बातम्यांत भाजीवाल्यांकडील पिशव्यांचे ढीग दिसतात; त्याच पिशवीत उकळता चहा भरणाऱ्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

आता द्रव सांडतो कसा, याकडे वळते. बहुतेकांना वाटते की स्कूटर वळणावर कलते म्हणून पेला सांडतो. तसे होत नाही. वळणावर गाडी जेवढी कलायला हवी तेवढीच कललेली असेल, तर तिच्यावर घट्ट बसवलेल्या पेल्यातील द्रव पेल्याच्या हिशेबाने सपाटच राहतो. सांडते ते ब्रेक मारताना आणि गतिरोधकावर. जोरात ब्रेक मारल्याने गाडीचा वेग दर सेकंदाला ताशी १८ किलोमीटरने कमी होत असेल, तर द्रवाचा पृष्ठभाग सुमारे २७ अंशांनी कलतो; सात सेंटिमीटर रुंद तोंडाच्या पेल्यात तो पुढच्या कडेला जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर वर चढतो. हिसका अचानक बसला तर लाट त्याहून वर जाते. म्हणून ज्याचे झाकण नुसते वरून दाबलेले आहे असा पेला दोन बोटे रिकामाच हवा. याउलट, घट्ट फिरकीच्या झाकणाचे भांडे काठोकाठ भरावे, कारण आत हिंदकळायला जागाच उरली नाही तर वजन इकडून तिकडे धावत नाही. अर्धवट भरलेला मोठा कॅन हा सर्वांत वाईट.

गतिरोधकांबद्दल येथे एक वाक्य लिहिल्याशिवाय राहवत नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने सुखाने ओलांडता येईल असा, असायला हवा; आपल्या गल्ल्यांमध्ये सोसायट्यांनी आपापल्या हौसेने घातलेले वीतभर रुंदीचे उंचवटे ओलांडताना चहाच काय, सवारीसुद्धा जागेवर राहत नाही.

हुकाला टांगणे वाईट, पण हँडलच्या मुठीला पिशवी अडकवणे त्याहून वाईट. मुठीला लटकलेले दोन किलो वजन हँडल एका बाजूला ओढत राहते आणि कमी वेगात, म्हणजे गर्दीत, ही ओढ जास्त जाणवते. शिवाय पिशवीचे बंद ब्रेकच्या दांडीखाली सरकतात. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना संयुक्त ब्रेक प्रणाली बंधनकारक झालेली आहे आणि स्कूटरवर डाव्या हाताची दांडी दाबली की दोन्ही चाकांचे ब्रेक लागतात. ती दांडी पिशवीच्या बंदांमुळे पुरती दाबली गेली नाही तर ही सगळी सोय फुकट जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२५ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की वाहनावरील ताब्याला अडथळा होईल अशा रीतीने चालकाने कोणाला बसू वा उभे राहू देऊ नये आणि कोणती वस्तूही ठेवू देऊ नये. हे कलम मुठीला टांगलेल्या पिशवीला लागू पडते आणि पायांमध्ये आडव्या ठेवलेल्या वीस लिटरच्या जारलाही. तो जार किमान वीस किलोंचा असतो, गुळगुळीत असतो, आणि तो ठेवला की चालकाला पाय बाहेर काढून बसावे लागते. खाली ठेवलेले वजन वर ठेवलेल्यापेक्षा बरे हे खरे, पण जारला हुकांच्या इलॅस्टिक दोराने दोन्ही बाजूंनी जखडले नाही तर पहिल्याच ब्रेकला तो पुढे घरंगळतो.

मागे बसणाऱ्याच्या हातात किटली देण्याची पद्धतही तपासून पाहावी लागेल. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमानुसार मागच्या प्रवाशाला धरण्यासाठी पक्की मूठ असणे आवश्यक आहे. दोन्ही हात किटलीला लागलेले असतील तर ती मूठ धरणार कोण?

शीतपेयांबद्दल थोडक्यात लिहिते. सीटखालची डिकी इंजिनाच्या वर असल्याने तापते, आणि बाटली तापली की त्यातील वायूचा दाब वाढतो, हलली की पेयात बुडबुडे होतात आणि उघडताच ते फेसाळून बाहेर येते. घरी आल्यावर ती लगेच न उघडता थोडा वेळ थंड जागी उभी ठेवली की प्रश्न मिटतो. उसाचा रस मात्र डिकीत ठेवूच नये, तो उष्णतेने लवकर आंबतो.

ज्यांना ही विद्या खरोखर येते त्यांच्याकडे आपण पाहतच नाही. आसपासच्या गावांतून शहरात दूध घालायला येणारे गवळी मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना लोखंडी चौकटीत ॲल्युमिनियमचे कॅन अडकवतात. दोन्हीकडचे वजन सारखे, कॅन गळ्यापर्यंत भरलेले, झाकणाखाली स्वच्छ फडक्याची घडी, झाकण कडीने अडकवलेले, आणि चौकट गाडीला नटबोल्टने पक्की बसवलेली. एवढ्या सोप्या गोष्टींच्या जोरावर ते खराब रस्त्यावरून रोज दूध आणतात आणि वाटेत सांडत नाहीत. टांगणी मुळीच नाही, सारे घट्ट, हे त्यातले मर्म आहे. आपल्या स्कूटरवर मात्र नेमकी टांगणीच दिलेली आहे. त्या हुकाची वजनमर्यादा गाडीच्या पुस्तिकेत छापलेली असते आणि ती मोजक्या किलोंची असते, हे किती जणांनी वाचले असेल?

तैवानमध्ये, जिथे स्कूटर हेच घराघरांतले वाहन आहे आणि थंड चहाची दुकाने कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत, पेल्याच्या तोंडावर यंत्राने पातळ फिल्म चिकटवून देण्याची रीत आहे आणि पेल्याच्या मापाची कापडी झोळी ग्राहक स्वतःच बाळगतो. आपल्याकडेही काही ज्यूसवाल्यांनी ती यंत्रे घेतली आहेत. थंड पेयापुरता तो मार्ग चांगला आहे; गरम चहासाठी मात्र मला स्टीलच्या निर्वात थर्मासखेरीज दुसरा कोणताही मार्ग पटत नाही. जुन्या काचेच्या आतल्या भांड्याचा थर्मास स्कूटरवर नेऊच नये, खड्ड्यात आदळून काच फुटली तर तिचे कण चहात उतरतात. स्टीलच्या थर्मासचेही झाकण फिरकीचे असावे आणि त्यातला वायसर दर काही महिन्यांनी बदलावा, कारण गळती बहुधा तेथूनच सुरू होते. तो ठेवताना डिकीत उभा ठेवून हेल्मेटच्या कापडी पिशवीने किंवा टॉवेलच्या वळकटीने चहूबाजूंनी आवळावा. हँडलला चिमट्याने लावायचे कपधारक बाजारात मिळतात, त्यांचा उपयोग मला समजत नाही. गाडी चालवताना प्यायचे नसेल तर पेला डोळ्यांसमोर कशाला हवा, आणि प्यायचे असेल तर त्याबद्दल वाहतूक पोलिसांनीच काय ते बोलावे.

गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांकडून माझी अपेक्षा मोठी नाही. याच परिसरात, आकुर्डीला तयार होणाऱ्या जुन्या चेतकला पुढच्या बाजूला झाकणाची पेटी होती आणि दुधाची पिशवी त्यात निर्धास्त ठेवता येई. आजच्या गाड्यांत पुढचा छोटा कप्पा असतो, पण त्यात मोबाइल आणि किल्ल्या जेमतेम मावतात. एक लिटरची बाटली उभी, घट्ट आणि मुलाच्या अंगापासून दूर राहील एवढी झाकणाची जागा पुढच्या पत्र्याच्या तळाशी दिली, तर हुकाची गरज निम्म्याने कमी होईल.

दुकानदारांना मात्र आजच करता येईल अशी एक गोष्ट आहे. मुंबईत एके काळी आरेचे दूध काचेच्या बाटलीतून येत असे आणि रिकामी बाटली परत करावी लागत असे. अमृततुल्यांनी आणि रसवंत्यांनी अर्ध्या आणि एक लिटरच्या फिरकी झाकणाच्या स्टीलच्या बाटल्या, चहासाठी अर्थात निर्वात भिंतीच्या, अनामत रक्कम घेऊन द्याव्यात, बाटली परत आली की रक्कम परत करावी, आणि स्वतःचा थर्मास घेऊन येणाऱ्याला चहा एक-दोन रुपयांनी स्वस्त द्यावा. पालिकेने प्लास्टिकविरोधी कारवाईला निघताना दंडाच्या पावतीबरोबर ही सूचनाही प्रत्येक चहाच्या दुकानात पोहोचवावी, आणि वाहतूक शाखेने शाळांच्या वेळेत, पुढे मूल उभे असताना हुकाला गरम पार्सल दिसले तर गाडी थांबवून ते पार्सल डिकीत ठेवायला लावावे.

आपली विश्वासू,
एक वाचक, कोथरूड, पुणे