धूर नव्हे, ते पाणी आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोळशावरच्या विजेची बातमी आली की सोबतचा फोटो ठरलेला. डमरूच्या आकाराचे दोन-तीन अवाढव्य मनोरे, त्यांच्या तोंडातून निघणारे पांढरे लोट आणि खाली ओळ, ‘धूर ओकणाऱ्या चिमण्या’. औष्णिक केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये एकोणतीस वर्षे पाळ्या केल्यावर हा फोटो पाहून गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र.

त्या चिमण्या नव्हेत, ते कूलिंग टॉवर. चिमणी शेजारी उभी असते, बारीक आणि टॉवरहून बरीच उंच. राख पकडणारी यंत्रणा धड चालत असेल तर तिचा धूर दुरून नीटसा दिसतही नाही. सल्फर डायऑक्साईड तिच्यातूनच जातो, पण तो काही फोटोत येत नाही. टॉवरमधून निघते ती निव्वळ पाण्याची वाफ. मग बिघडले कुठे, असे कोणी म्हणेल. मराठवाड्यात राहणाऱ्याने तरी म्हणू नये.

मिलमध्ये कोळसा दळून टाल्कम पावडरसारखा बारीक करतात आणि गरम हवेबरोबर बॉयलरमध्ये फुंकतात. त्या जाळावर नळ्यांतल्या पाण्याची सुमारे 540 अंशांची वाफ होते. ती टर्बाइनला मिनिटाला 3000 फेऱ्यांनी फिरवते आणि त्याच दांड्यावरचे जनित्र वीज देते. इथवर शाळेच्या पुस्तकात असते. टर्बाइनमधून सुटलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड करून तिचे पुन्हा पाणी करावे लागते, हा भाग कोणी सांगत नाही. बॉयलरचे पाणी असे फिरून फिरून वापरात येते. खर्ची पडते ते वाफेला थंड करणारे दुसरे पाणी. कोळशाच्या शंभर भाग उष्णतेतले जेमतेम पस्तीस विजेत उतरतात. उरलेल्यातले बहुतेक हे पाणी अंगावर घेते आणि टॉवरच्या तोंडातून आकाशात सोडते. अणुवीज तरी काय वेगळी? तारापूरला कोळशाच्या जागी युरेनियम, पण काम पाणी उकळण्याचेच. फक्त तिथे थंडाव्याला समुद्र आहे. परळीला तो नाही.

आता हिशेब. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर 2015 मध्ये कूलिंग टॉवरवाल्या जुन्या केंद्रांना घालून दिलेली मर्यादा युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची आहे. परळीत प्रत्येकी 250 मेगावॉटचे तीन संच. पूर्ण भाराने चालले तर तासाला साडेसात लाख युनिट, म्हणजे मर्यादा पाळूनही 26 लाख लिटरच्या वर पाणी. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला 50 वाघिणींची पाण्याची गाडी येऊ लागली, ती आठवते? तिच्यात 25 लाख लिटर पाणी असे. तशी एक अख्खी गाडी, दर तासाला. त्याच दुष्काळात, 2015 साली, परळीचे केंद्र पाण्यावाचून बंद पडले होते. 2013 लाही पडले होते.

उपाय नाहीत असे नाही. नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या केंद्राला जाते. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पापासून 50 किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी ते पाणी वापरावे, असे 2016 च्या केंद्रीय वीजदर धोरणातच आहे. परळी-अंबाजोगाईएवढ्या गावांचे सांडपाणी एवढ्या मोठ्या केंद्राला पुरायचे नाही, हे मलाही कळते. पण जेवढे मिळेल तेवढा धरणावरचा भार हलका होईल. झारखंडात उत्तर करणपुराला वाफ पाण्याऐवजी हवेने थंड करतात. त्याला भांडवल जास्त लागते आणि युनिटमागे कोळसाही थोडा जास्त जळतो. कोरडवाहू मुलखात नवे संच उभारायचेच असतील तर हा खर्च आधी धरावा, आणि तो परवडत नसेल तर तिथे संच उभारू नयेत.

आपल्याकडे एक विनंती. ‘अमुक केंद्रात तमुक दिवसांचाच कोळसा शिल्लक’ ही बातमी आपण दर उन्हाळ्यात छापता. तिच्या शेजारी, त्या केंद्राला पाणी देणाऱ्या धरणात किती दिवसांचे पाणी आहे आणि त्याच धरणावर किती गावांचे नळ आहेत, एवढ्या दोन ओळी छापाव्यात.

आपला,
एक निवृत्त तंत्रज्ञ, अंबाजोगाई