नुसत्या दाखल झालेल्या दाव्याविषयी मित्रास पत्र

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबत जोडलेल्या त्या व्हॉट्सॲप संदेशांच्या प्रती परवा मिळाल्या. दोन रात्री मी ते कागद पुन्हा पुन्हा वाचले. फोनवर ‘घेऊ नकोस’ एवढे सांगून मोकळे होणे मला बरे वाटले नाही, कारण शाळेतून निवृत्त होताना मिळालेल्या फंडातले आठ लाख रुपये तू त्या एका शेअरमध्ये घालण्याचा विचार करतो आहेस, आणि ते पैसे कसे साठले हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

त्या कंपनीने पाच मिनिटांत चार्ज होणारी बॅटरी बनवली, ते तंत्र अमेरिकेतल्या एका बलाढ्य कंपनीने चोरले, त्याबद्दल तिथल्या कोर्टात नऊ हजार कोटींच्या भरपाईचा दावा दाखल झाला आणि म्हणून अकरा रुपयांचा शेअर तीन महिन्यांत अडतीसवर गेला, अशी ती साखळी आहे. तुझा पुतण्या म्हणतो की यातले काहीच खोटे नाही. त्याचे म्हणणे बरोबरही असेल. भाव खरोखरच वाढला आहे आणि दावाही बहुधा दाखल झाला असेल. माझी काळजी नेमकी तिथेच सुरू होते. दावा दाखल होणे आणि दावा सिद्ध होणे यांच्यामध्ये जो काळ जातो, त्या काळात भाव नुसत्या बोलण्यावर चढू शकतो, आणि ज्यांच्याकडे ते शेअर आधीपासून स्वस्तात पडलेले असतात, त्यांना ते विकून बाहेर पडण्यासाठी तेवढाच काळ पुरेसा असतो. निकाल काय लागला याच्याशी त्यांना मग काही कर्तव्य उरत नाही.

दाव्याला किती काळ लागतो हे सीमाभागातल्या माणसाला कोणी शिकवायला नको. महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला तेव्हा आपली मुले शाळेत जात होती. आता नातवंडे जातात. त्या दाव्याच्या न्याय्यपणावर माझा पूर्ण विश्वास आहे, तरीही तो दाखल झाला त्या दिवशी आपल्या हाती निकाल आला असे आपण कधी धरून चाललो नाही. मग ज्या कंपनीचे नाव चार महिन्यांपूर्वी आपण ऐकलेही नव्हते, तिच्याबाबतीत तसे का धरायचे?

नऊ हजार कोटी या आकड्याने तू फार प्रभावित झालेला दिसतोस. आपल्याकडे पैशाच्या वसुलीचा दावा लावायचा तर १९५८ च्या कर्नाटक कोर्ट फी कायद्याप्रमाणे मागणीच्या प्रमाणात फी भरावी लागते, त्यामुळे वादी आकडा लिहिताना दहा वेळा विचार करतो. अमेरिकेच्या संघीय न्यायालयात तसे नाही. तिथे मागणी एक लाखाची असो की नऊ हजार कोटींची, दाखल करण्याची फी सुमारे चारशे डॉलर, म्हणजे निपाणीतल्या एखाद्या दुकानाचे दोन-तीन महिन्यांचे भाडे. तो आकडा वादीने स्वतः लिहिलेला असतो, न्यायाधीशाने नव्हे. त्यावरून कंपनीची किंमत ठरवणे म्हणजे विकणाऱ्याच्या तोंडचा भाव ऐकून तोच बाजारभाव समजणे होय.

यासंबंधी एक जुने प्रकरण मी त्या काळी वर्तमानपत्रांतून बारकाईने वाचत असे, कारण आमच्या कारखान्यातले काही संगणक लिनक्स या सर्वांना खुल्या असलेल्या संगणक प्रणालीवर चालत. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एससीओ ग्रुप नावाच्या कंपनीने मार्च २००३ मध्ये आयबीएमवर दावा लावला. युनिक्स या जुन्या प्रणालीची मालकी आमच्याकडे आहे आणि आयबीएमने तिचा भाग लिनक्समध्ये बेकायदा घातला, असे तिचे म्हणणे होते. मागणी आधी १ अब्ज डॉलरची होती, ती वाढत वाढत ५ अब्जांवर गेली. लिनक्स वापरणाऱ्या कंपन्यांनी एका प्रोसेसरमागे ६९९ डॉलर भरून परवाना घ्यावा, असेही तिने जाहीर केले. दाव्याआधी दोन-तीन डॉलरच्या आसपास असलेला तिचा शेअर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात २० डॉलरवर पोहोचला. पुरावा मात्र कोणालाच दिसेना. ऑगस्टमध्ये लास वेगासच्या एका मेळाव्यात कंपनीने चोरीचा नमुना म्हणून प्रोग्रामच्या काही ओळी पडद्यावर दाखवल्या, आणि त्यातल्या काही तर वाचता येऊ नयेत म्हणून ग्रीक अक्षरांत! जाणकारांनी थोड्याच दिवसांत त्या ओळखल्या. एक तुकडा ज्या जुन्या युनिक्समधला निघाला, ते याच कंपनीने, काल्डेरा या आपल्या आधीच्या नावाने, २००२ साली सर्वांसाठी खुले केले होते.

पुढे नोव्हेल ही तिसरीच कंपनी उभी राहिली आणि युनिक्सचे स्वामित्वहक्क आपण कधी विकलेच नव्हते असे म्हणाली. ऑगस्ट २००७ मध्ये न्यायाधीशांनी नोव्हेलच्या बाजूने कौल दिला, पुढच्याच महिन्यात एससीओने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि २०१० साली ज्युरीनेही हक्क नोव्हेलचेच ठरवले. आयबीएमविरुद्धचे मूळ प्रकरण तर २०२१ पर्यंत रेंगाळले आणि १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरच्या तडजोडीवर मिटले. ५ अब्ज मागून अठरा वर्षांनी जे मिळाले ते तीन-दशांश टक्क्याहूनही कमी होते, आणि तेही दिवाळखोरीची व्यवस्था पाहणाऱ्या विश्वस्तांच्या हाती गेले. ज्या माणसाने २००३ च्या ऑक्टोबरात २० डॉलरने तो शेअर घेतला, त्याचा मी अनेकदा विचार करतो. त्याला कोणी उघड खोटे सांगितले नव्हते. दावा खराच होता, कोर्ट खरे होते, आकडाही कागदावर खराच लिहिलेला होता.

आकड्याचा उपयोग आमिषासाठी होतो तसाच धाकासाठीही होतो. २०१९ साली पेप्सिकोने गुजरातमधल्या चार बटाटा उत्पादकांवर, आमचे नोंदणीकृत वाण विनापरवाना लावले म्हणून, प्रत्येकी १ कोटी ५ लाख रुपयांचे दावे लावले. आपल्या तालुक्याच्या पश्चिमेकडे बटाटा आणि रताळी काढणारा शेतकरी एवढी रक्कम जन्मात पाहत नाही. वास्तविक २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण कायद्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला आपले पीक आणि बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि ब्रँडखेरीज विकण्याचा हक्क दिलेला आहे. देशभर आवाज उठल्यावर मे महिन्यात ते दावे मागे घेण्यात आले. वाणाच्या नोंदणीचा वाद नंतर बरेच दिवस वेगळा चालला, तो इथे बाजूला ठेवतो. दाखल करण्यामागे निकालाखेरीज दुसरा हेतू असू शकतो, एवढेच मला दाखवायचे आहे.

आता त्या बॅटरीविषयी. मी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत तीस वर्षे तपासणी विभागात काढली. तिथे पहिल्याच वर्षी शिकलो की नवीन पुरवठादाराचे नमुन्याचे दहा नग नेहमी पास होतात, कारण ते त्याने निवडून आणलेले असतात. कास्टिंग बाहेरून कितीही गुळगुळीत दिसले तरी मशिनवर चढवून वरचा थर उतरवल्यावरच आतले ब्लोहोल, म्हणजे हवेच्या पोकळ्या, दिसतात. पुतण्याने पाठवलेल्या चित्रफितीत बॅटरीची टक्केवारी पाच मिनिटांत शंभरवर जाते हे मी पाहिले. पण ती बॅटरी कोणाच्या हातात आहे, किती क्षमतेची आहे आणि तशा किती वेळा चार्ज केल्यावर टिकते, हे त्यात कुठेही नाही.

अमेरिकेतल्या निकोला कंपनीने आपला ट्रक रस्त्यावर धावताना दाखवणारी चित्रफीत प्रसिद्ध केली होती. २०२० साली उघड झाले, आणि कंपनीलाही मान्य करावे लागले, की तो ट्रक स्वतःच्या शक्तीवर चालत नव्हता. उतारावरून घरंगळत होता. मधल्या काळात, त्याच वर्षीच्या जूनमध्ये, तिचे बाजारमूल्य काही काळ फोर्डच्याही वर गेले होते. आपल्याकडेही तमिळनाडूतल्या रामर पिल्लईने १९९६ साली पाण्यात वनस्पती उकळून पेट्रोल करून दाखवले तेव्हा मोठमोठे लोक भारावले होते, आणि अखेरीस २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा दिली. स्वतंत्र प्रयोगशाळेत, शोध लावणाऱ्याचा हात न लागता चाचणी झाली नसेल, तर त्या बातमीला मी जाहिरातच समजतो.

तुला कधी न सांगितलेली एक गोष्ट आता सांगतो. २००० सालच्या सुरुवातीला एका ओळखीच्या दलालाच्या सांगण्यावरून मी एका सॉफ्टवेअर कंपनीचे साठ हजारांचे शेअर घेतले होते. परदेशातून मोठे कंत्राट मिळाल्याची बातमी होती. पुढच्या वर्षी केतन पारेख या शेअर दलालाच्या घोटाळ्याचे प्रकरण बाहेर आले, त्याच्या आवडत्या शेअरांबरोबर बाजारातले सारेच संगणकी शेअर कोसळले, आणि माझ्या साठ हजारांचे चार हजारही राहिले नाहीत. ते पैसे मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेले होते. तिला त्या वर्षी डिप्लोमाला घालावे लागले. तिने कधी शब्दाने विचारले नाही, पण मला ते आजही खुपते, आणि तुझ्या घरात तसे काही घडू नये असे मला मनापासून वाटते.

तेव्हा निदान दलालाचा चेहरा तरी समोर होता. आता संदेश पाठवणारा कोण हेच कळत नाही. साधना ब्रॉडकास्ट या छोट्या कंपनीच्या प्रकरणात शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने मार्च २०२३ मध्ये आदेश काढला, तो तू अवश्य वाच. यूट्यूबवरच्या चित्रफितींतून अदानी समूह ही कंपनी घेणार, एका अमेरिकन कंपनीने तिला ११०० कोटींचे काम दिले, अशा खोट्या गोष्टी पसरवण्यात आल्या. छोट्या भागधारकांची संख्या दोन हजारांच्या घरातून पंचावन्न हजारांवर गेली, आणि त्याच वेळी प्रवर्तकांपैकी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांपैकी, काहींनी आपले शेअर चढ्या भावाने विकले. तुझ्या संदेशांतही अमेरिका आहे आणि हजारो कोटी आहेत, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही.

अशा शेअरला रोज वरचे सर्किट लागते, म्हणजे भाव एका दिवसात चढू शकण्याच्या मर्यादेला टेकतो, तेव्हा तो फार मागणी असलेला वाटतो. प्रत्यक्षात आपसांतच खरेदी-विक्री करून थोड्या उलाढालीवर भाव चढवता येतो. उतरण सुरू झाली की मात्र रोज खालचे सर्किट लागते, विकणाऱ्यांची रांग असते आणि घेणारा एकही नसतो; ‘पडायला लागला की विकून टाकीन’ असे तू लिहिले आहेस, ते या कारणाने शक्य होत नाही.

येत्या शनिवारी सकाळच्या एसटीने बेळगावला ये. आपण माझ्या घरी बसून शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर त्या कंपनीचे मागच्या चार तिमाहींचे भागधारकांचे तक्ते काढू आणि प्रवर्तकांचा हिस्सा तीन महिन्यांत किती उतरला ते पाहू. नऊ हजार कोटी मागणाऱ्या कंपनीची वर्षाची विक्री किती, लेखापरीक्षक मधेच बदलला का, हेही तिथे सापडेल. दाव्याचा क्रमांक आणि कोर्टाचे नाव पुतण्याकडून मागून घे; अमेरिकेतल्या कोर्टाची कागदपत्रे कोणालाही पाहता येतात, तेव्हा क्रमांक सांगायला त्या मंडळींना अडचण असू नये. त्यालाही सोबत आण. तो हुशार आहे, आणि मी काही त्याला रागावणार नाही. तोपर्यंत पैसे पोस्टातच असू देत.

सौ. वहिनींना नमस्कार सांग. शनिवारी दुपारचे जेवण आमच्याकडेच.

तुझा,
जुना मित्र