पडलेल्याला उठताना गाठायला शिकवणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

रामबागेत तुमच्याकडे शिकलेली आम्ही मंडळी हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितोय. इंदुरात जो कोणी ‘स्ट्रीट फायटर ६’ हा मारामारीचा व्हिडिओ गेम नव्याने खेळायला बसेल, त्यालाही तुमचा हिशोब कळावा.

आधी आभार त्या हिशोबाचेच. गडी पडला की बटणं बडवायची नाहीत, फ्रेम, म्हणजे पडद्यावर बदलणारी चित्रं, मोजायच्या. सेकंदाला ६०. समजा, पाडल्यावर ३० फ्रेम हातात आहेत. डॅशमध्ये, म्हणजे झपकन पुढे सरकण्यात, १९ गेल्या, उरल्या ११. आता ९व्या फ्रेमला लागू होणारा आणि ४ फ्रेम टिकणारा फटका लगेच दाबला, तर तो २८ ते ३१ जिवंत असतो. गडी ३१व्या फ्रेमला उठतो आणि फटक्याच्या अगदी शेपटाला सापडतो. हाच मीटी. पहिल्याऐवजी चौथ्या फ्रेमला लागल्यामुळे त्याने ब्लॉक केला, म्हणजे अडवला, तरी आपल्याला ३ फ्रेम जास्त मिळतात. फटका ८व्या फ्रेमला लागू होणारा निवडला तर तो ३०व्यालाच संपतो, म्हणजे फुकट. आणि दाबायला ७ फ्रेम उशीर केला तर त्याचा ४ फ्रेमचा जॅब, म्हणजे झटपट हलका ठोसा, आधी पोचतो.

मीटीची धास्ती बसली की तो ब्लॉक धरून उठतो, तेव्हा थ्रो, म्हणजे पकडून आपटणं; ते ब्लॉकने अडत नाही. आपलाही थ्रो दाबून तो तोडायला त्याची बोटं शिवशिवू लागली की शिमी: पाऊलभर मागे सरायचं, त्याचा थ्रो हवेत जातो आणि पनिश काउंटर, म्हणजे चुकलेल्याला बसणारा जबर फटका, आपला. क्रम उलटा केला तर काहीच चालत नाही. थ्रो न खाल्लेला माणूस थ्रो तोडायला जाईलच कशाला? पॅरी, म्हणजे फटके झेलणारा बचाव, धरून उठणाऱ्याला मात्र सरळ थ्रो.

ड्राइव्ह गेज, म्हणजे खास चालींसाठीची शक्ती, शिल्लक असलेला केन (गेममधलं एक पात्र) ओडी शोर्युकेन, म्हणजे आपला फटका लागू न देणारी उडीची बुक्की, मारत उठला तर मीटी हरतो. म्हणून अधूनमधून जवळ जाऊन नुसता ब्लॉक धरायचा. त्याची उडी फुकट गेली की खाली येईपर्यंत तो आपलाच.

ट्रेनिंग मोडमधल्या डमीला उठताच जॅब मारायला लावून फ्रेम दाखवणारा फ्रेम मीटर बघायचा, ही सवयही तुमचीच. जॅब बाहेर आला तर आपण उशिरा, मग कोणाशीही वाद नाही.

कोपऱ्यात थ्रोमागून थ्रो करणं तुम्हाला रडीचा डाव वाटतो, ठाऊक आहे. मागे सरकायला त्याला जागा नसते, म्हणून आम्ही ते करणारच. तेवढी माफी असावी.

तुमची,
रामबागेतली मंडळी, इंदूर