बाटली भरलेली परत आणू नकोस

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास आणि मी वही काढली. या पत्रात पाण्याचा विषय काढायचाच नाही असं ठरवूनच बसले आहे. "आई, माझ्या प्रत्येक दुखण्याला तुझं औषध एकच," असं म्हणालीस ना काल, ते लागलं मला. पण खोटं नाही. एकतीस वर्षं आरोग्य उपकेंद्रात तेच सांगत आले, जिभेला वळणच पडलंय.

तर घरचं आधी सांगते. आत्याच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. मागच्या दारचा आंबा यंदा लागलाय, पण परवाच्या वावटळीत निम्म्या कैऱ्या खाली आल्या. बाबांनी तुझा हेल्मेटातला फोटो मोठा करून आणलाय आणि देवाच्या कोनाड्याशेजारी लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, ही लेव्हल लावते तेव्हा रस्त्याचा उतार ठरतो. तात्या असते तर त्यांनी गावभर पेढे वाटले असते.

मनू, सलाइनच्या दोन बाटल्या चढवल्या आणि हे तू मला आठ दिवसांनी सांगतेस? तेही बोलता बोलता, जेवणात काय केलंस हे सांगितल्यासारखं. उन्हाळी लागली होती, लघवीला जळजळ होत होती, ताप आला, ऊन लागून चक्कर आली, क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट गाळतंय का हे सांगणारा रक्तातला आकडा, १.५ निघालं. "आता ०.९ आहे, नॉर्मल आहे," म्हणालीस. आहे, मलाही कळतं. कमी पाण्याने रुसलेलं मूत्रपिंड पाणी मिळालं की पुन्हा कामाला लागतं. पण दर उन्हाळ्यात त्याला असंच रुसवत राहिलं तर ते दर वेळी मान जाईल असं नाही.

बघ, आलाच विषय. आता आलाय तर बोलून घेते.

तुमच्या साइटवर वीस लिटरचे जार येतात ना? तुझी मूत्रपिंडं दिवसभरात असे नऊ जार गाळतात. १८० लिटर. त्यातलं जवळजवळ सगळं रक्तात परत घेतात आणि दीडेक लिटर बाहेर सोडतात. अंगातलं पाणी थोडं जरी कमी झालं, रक्त शंभरात एक-दोन भाग घट्ट झालं, की मेंदूला लगेच कळतं. तो मूत्रपिंडाला निरोप धाडतो, की पाणी सोडू नकोस, राखून ठेव. मग लघवी गडद होते, थोडी होते. तहान त्यानंतरची. म्हणजे तुला तहान लागते तेव्हा आत काटकसर आधीच सुरू झालेली असते. दोन घोट गार पाणी प्यायलं की तहान विझते, पण आतली तूट तशीच राहते. आणि कितीही काटकसर केली तरी रक्तातली घाण बाहेर टाकायला दिवसाला निदान अर्धा लिटर लघवी लागतेच. मूत्रपिंड पाणी वाचवू शकतं गं, तयार करू शकत नाही.

चंद्रपूरकडचा मे महिना, पारा ४५ च्या वर, त्यात तुझं ते जाड जॅकेट. अशा उन्हात राबलं तर तासाला लिटरभर घाम सहज जातो. सकाळी आठला भरलेली एक लिटरची बाटली तू संध्याकाळी अर्धी परत नेतेस. हे तूच सांगितलंस. आणि कारणही तूच सांगितलंस, "प्यायलं की जावं लागतं, आणि जाणार कुठे?"

त्यावर मला काल बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

तुला पाचवी आठवते? मोठ्या शाळेत घातलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात रडत आलीस, की तिथल्या मुलींच्या संडासाला कडी नाही. मी काय म्हणाले? "शाळेत पाणी कमी पी, घरी आल्यावर पी." मी म्हणाले! गावभर बायांना पाणी प्या म्हणून सांगत फिरणारी मी. मुख्याध्यापकांकडे जाऊन कडी बसवून घ्यायला मला अर्धा तास लागला असता. मी गेले नाही, कारण मी स्वतःही तेच करत होते. पल्स पोलिओच्या दिवशी, लसीकरणाला वाड्यावस्त्यांवर जाताना, सकाळी चहा घेतला की घरी येईपर्यंत थेंब नाही. तुझ्या वेळी पोटुशी असताना सातव्या महिन्यात मलाही लघवीचा जंतुसंसर्ग झाला होता. बाईला हे चालायचंच, असं वाटायचं. तू साइटवर जे करतेस ते माझ्याकडून शिकलीस, आणि म्हणून मला झोप लागत नाही.

लघवी अडवून धरली की ती मूत्राशयात तासन् तास साठून राहते आणि जंतूंना आयतं घर मिळतं. भरपूर प्यायलं, वेळेवर गेलं, की ते धुऊन निघतात. एवढं साधं आहे. साधं आहे म्हणते खरी, पण जायला आडोसा नसेल तर साधं कसलं? रागावू नकोस, मी पुन्हा उपकेंद्रातल्यासारखी बोलायला लागले. तू सत्तावीस वर्षांची आहेस, चाळीस माणसांकडून काम करून घेतेस.

तुला दीड वर्षाची असताना गॅस्ट्रो झाला होता, हे तुला सांगितलंय. ती रात्र मात्र नीट सांगितली नाही कधी. २००० चा पावसाळा, ओढ्याला पाणी आलेलं, बाबा पलीकडे अडकलेले. तुझे डोळे खोल गेले होते. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहायची, सावकाश खाली बसायची. दुसऱ्यांच्या लेकरांची अशी कातडी मी शंभरदा पाहिली होती. तुझी पाहिली आणि हात कापायला लागले. सलाइन लावायला शीर सापडली नसती, आणि बाटलीही नव्हती. जलसंजीवनीची पाकिटं होती. एक लिटर पाणी उकळून गार केलं, पाकीट सोडलं, आणि वाटी-चमचा घेऊन बसले. दर दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू.

ट्रेनिंगला आम्हाला डॉ. दिलीप महालनबीस यांची हकिकत सांगितली होती. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावला, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत कॉलरा पसरला, सलाइन संपलं. त्यांनी मीठ, साखर आणि खायचा सोडा मिसळून ड्रम भरले आणि नातेवाइकांच्याच हातांनी पाजायला लावलं. शंभरात तीस दगावत होते ते तीन-चारांवर आले. आतडं आजारी असलं तरी साखर मिठाला हाताला धरून आत नेते आणि त्या दोघांच्या मागून पाणी जातं. त्या रात्री मी तेच घोकत होते, साखर, मीठ, पाणी. पहाटे कोंबडा आरवायच्या सुमारास माझी मांडी ओली झाली. कोमट. तू लघवी केली होतीस. मी ते लुगडं दुपारपर्यंत बदललं नाही, मनू.

त्यामुळे तू लघवीला गेलीस का, कसली झाली, असं मी फोनवर विचारते तेव्हा तुला लाज वाटते, मला ती पहाट आठवते.

आता कामाचं. विलासकाका म्हणाले, बांधकामाच्या साइटवर पिण्याचं पाणी आणि संडास-मुतारी देणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे. तू लेखी दे. तुझ्या एकटीच्या नावाने नको वाटत असेल तर त्या खडी टाकणाऱ्या बायांचंही लिही. त्या पहाटे अंधारात जातात आणि मग रात्रीपर्यंत कळ काढतात, हे तुला दिसत असणारच. तुझ्याकडे निदान सही आहे.

तोवर जेवणाआधी एक बाटली संपव, जेवणानंतर एक. नुसतं पाणी एका दमात दोन-दोन लिटर ढोसू नकोस, घामातून मीठही जातं, मग डोकं जड होतं, मळमळतं. मीठ घातलेलं ताक घे. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा बरं का. अर्ध्याच्या वर मीठ नको. लघवी फिक्या गवती रंगाची असली की समज, भरपाई झाली.

बाबा शनिवारी एसटीने पार्सल देतील. त्यात पन्ह्याचा गर आहे (पडलेल्या कैऱ्यांचाच), वीस पाकिटं आहेत, आणि जुन्या नऊवारीची मी शिवलेली चौकोनी कनात आहे, चार बाजूंनी नाड्या आहेत, चार काठ्यांना बांधता येते. त्या बायांनाही वापरू दे. अर्ज दिलास की मला कळव, आणि काय उत्तर आलं तेही.

तुझी,
आई