गाडीच्या विम्याविषयी केदारला पत्र

फोंडा, गोवा

चि. केदार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. गाडीला 9 वर्षे झाली, मला 72 वे लागले, तेव्हा फुल इन्शुरन्सवर पैसे घालवण्यापेक्षा नुसता थर्ड पार्टी विमा घ्यावा आणि वाचलेल्या पैशांत गरज पडेल तेव्हा टॅक्सी करावी, हे तुझे म्हणणे मी दोनदा वाचले. त्यामागची काळजी मला समजते. तरीही या वर्षी तसे करू नये असे माझे ठाम मत आहे. पॉलिसीची मुदत जूनअखेर संपते, म्हणून कारणे आताच सविस्तर कळवते.

आधी वयाचे बघू. तुझ्याकडे इंग्लंडमध्ये सत्तरी ओलांडली की विम्याचा हप्ता चढू लागतो, आणि लायसन्सही 70 व्या वर्षी संपून पुढे दर 3 वर्षांनी नवे करावे लागते. त्यामुळे इथेही तसेच असणार असे तू धरून चाललास. आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते, आणि तो गाडीच्या इंजिनावर ठरतो, चालवणाऱ्याच्या वयावर नाही. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे आपल्या 1200 सीसीच्या गाडीला वर्षाला 3,416 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी पडतो. हीच गाडी पंचविशीतल्या मुलाच्या नावावर असती तरी एवढेच पडले असते. हा भाग कोणत्याही पॉलिसीत भरावाच लागतो. वाचणार ते ओन डॅमेजचे, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे पैसे, आणि गाडीची किंमत उतरत गेल्यामुळे तेही आता फारसे राहिलेले नाहीत.

वय आडवे येते ते लायसन्सला. पंचावन्नीनंतर ते 5 वर्षांपुरतेच मिळते आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. लायसन्सची मुदत संपलेली असताना अपघात झाला तर कंपनी हात वर करू शकते, म्हणून त्या तारखेकडे विम्याच्या तारखेइतकेच माझे लक्ष असते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. फुल इन्शुरन्स म्हणजे गाडीच्या पत्र्याचा विमा असे तू समजतोस, आणि पत्रा जुना झाला म्हणून तो नको म्हणतोस. मला त्याची गरज वाटते ती गाडीत बसणाऱ्या माणसांसाठी. सोमवारी कवळ्याला श्रीशांतादुर्गेच्या दर्शनाला जाताना आमच्या भजनी मंडळातल्या तिघीजणी माझ्याबरोबर असतात. त्यातली एक माझ्याहून वयाने मोठी आहे. माझ्या हातून अपघात झाला आणि त्यांच्यापैकी कोणाला गंभीर इजा झाली, तर नुकसानभरपाई कोणी द्यायची? रस्त्यावरचा पादचारी किंवा समोरचा स्कूटरवाला जखमी झाला, तर थर्ड पार्टी विमा त्याची भरपाई देतो, आणि मृत्यू किंवा इजा याबाबत त्या रकमेला कमाल मर्यादा नाही. मात्र खाजगी गाडीत भाडे न देता बसलेल्या माणसांची जबाबदारी नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत येत नाही. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे फुल इन्शुरन्समध्ये, ती येते. सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या एका निकालात हा फरक स्पष्ट केलेला आहे. म्हणजे तुझ्या सूचनेप्रमाणे मी वागले आणि दुर्दैवाने काही घडले, तर त्या बायकांच्या घरच्यांना माझ्या पेन्शनीतून आणि या घरातून भरपाई मागावी लागेल. माझ्या भरवशावर गाडीत बसणाऱ्यांना मी असे उघड्यावर ठेवणार नाही. उलट, या वर्षी प्रवाशांसाठी वैयक्तिक अपघात विमाही जोडून घ्यायचा विचार आहे. तो प्रत्येकी 2 लाखांपर्यंत मिळतो. मालक-चालक म्हणून माझा स्वतःचा 15 लाखांचा विमा आहेच.

पैसे वाचवायचेच असतील तर ते दुसरीकडे वाचतात. मला आज 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात सूट, मिळतो. समज, बाजारात गाडी लावताना बंपर फुटला आणि नवा बंपर 8,000 रुपयांना पडला. प्लॅस्टिकच्या भागावर 50 टक्के घसारा कापतात, म्हणजे राहिले 4,000. त्यातून सक्तीची, आपणच सोसायची 1,000 रुपयांची वजावट गेली की हातात 3,000 येतात. इकडे बोनस शून्यावर येतो. ओन डॅमेजचा मूळ हप्ता 6,000 धरला, तर आज मी 3,000 भरते. क्लेमनंतर पहिल्या वर्षी पूर्ण 6,000 भरावे लागतील, आणि पुढे बोनस 20, 25, 35, 45 असा चढत पुन्हा 50 टक्क्यांवर येईपर्यंत एकूण 7,500 रुपये जास्त जातील. 3,000 साठी 7,500 घालवण्यात काय अर्थ? म्हणून बारीकसारीक पोचे मी स्वखर्चाने काढून घेणार, आणि ऐच्छिक वजावट 5,000 ची ठेवून हप्त्यात सूट घेणार. ओन डॅमेजचा दर प्रत्येक कंपनी आपापला लावते, तेव्हा एजंटाला दोन-तीन कंपन्यांची कोटेशन आणायला सांगितली आहेत. फक्त नूतनीकरण लांबवून चालत नाही. मुदत संपून 90 दिवस उलटले की बोनस बुडतो, आणि विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढणे हा गुन्हा आहे.

झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जोड, आता सोडून देते. इतक्या जुन्या गाडीला बहुतेक कंपन्या ते देत नाहीत. इंजिन प्रोटेक्शन मात्र हवे. आपल्या पावसाळ्यात सखल रस्त्यावर पाणी तुंबले आणि इंजिनात शिरले, की गाडी पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिनच जाते, आणि साध्या पॉलिसीत कंपनीचा नुकसान तपासणारा सर्व्हेअर तो खर्च नाकारतो. पूर, वादळ, किंवा अंगणातल्या माडाचा नारळ पडून चेपलेले बॉनेट हे ओन डॅमेजमध्ये येते. दारांच्या खालचा पत्रा खाऱ्या हवेने गंजला तर त्याचे काही मिळत नाही.

रात्री मी गाडी चालवू नये हे तुझे म्हणणे मला मान्य आहे. समोरच्या दिव्यांचा त्रास होतो, म्हणून पणजीहून परतताना काळोख होणार असेल तर वाड्यावरच्या एका मुलाला पैसे देऊन चालवायला घेते. त्याचे लायसन्स मी स्वतः पाहिले आहे, आणि पगारी ड्रायव्हरची कायदेशीर जबाबदारी पॉलिसीत घालायला सांगितली आहे. त्याला 50 रुपये जास्त लागतात.

मी गाडी चालवणे बंद करीन, किंवा गाडीत कोणाला बसवायचे थांबवीन, त्या दिवशी नुसत्या थर्ड पार्टीचा विचार करू. दर वर्षी नूतनीकरणाआधी डोळे तपासून घेईन आणि डॉक्टर काय म्हणाले ते तुला जसेच्या तसे कळवीन.

नॉमिनी म्हणून तुझे नाव आहे, पण पत्ता जुना, पुण्याचा आहे. नवा पत्ता पासपोर्टवर आहे तसाच लिहून या आठवड्यात पाठव, म्हणजे एजंट येईल तेव्हा दुरुस्ती होईल.

तुझी,
आई