नाताळची गाणी कोणत्या पट्टीत?

मा. संपादक, स.न.वि.वि.

डिसेंबर लागला की इंदूरच्या चर्चमध्ये नाताळच्या तालमी सुरू होतात. गाणी कोणती घ्यायची यावर भरपूर काथ्याकूट होतो. पट्टी, म्हणजे सा कुठल्या स्वरावर ठेवायचा ते, मात्र पेटीवाला ऐनवेळी धरतो. मग क्वायर गाते आणि मंडळी ऐकत बसते.

1818 साली ऑस्ट्रियात प्रथम गायलेल्या ‘सायलेंट नाइट’चंच घ्या. मराठी शब्दांतही चाल तीच, आणि तिचा पल्ला सा पासून थेट तार मध्यमापर्यंत. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी सा मानून, धरली तर त्या मध्यमावर बायकांचे आवाज फाटतात आणि पुरुष गप्प होतात. खालची काळी पाच धरावी. सकाळची उपासना असेल तर पांढरी सहा. सहा मात्रा असल्याने दादरा चपखल बसतो, पण तबलजीने लग्गी (जलद, खेळकर बोल) लावली की अंगाईची लय पळू लागते. पाच इंची दायां (उजव्या हाताचा तबला) काळी पाचला उतरवला तर बद्द वाजतो. सहा इंची मिळत नसेल तर लहान दायां काळी दोनला, म्हणजे मध्यमाला लावावा. 24 च्या रात्री मांडवात दवाने तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल पडते, तेव्हा हातोडी जवळच असू द्यावी.

पेटीचे सूर ऐनवेळी हलवता येत नाहीत, कीबोर्डचे येतात. दोन्हींवर एकच सा दाबून धरावा. सुरात लाटा ऐकू आल्या तर त्या थांबेपर्यंत कीबोर्डचं बारीक ट्यूनिंग फिरवावं. प्रत्येक गाण्याआधी कीबोर्डचा ट्रान्स्पोज (पट्टी वर-खाली करायची सोय) तपासावा. आधीच्या गाण्याचा तसाच राहिला की पहिल्याच ओळीला फजिती!

प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला लागणाऱ्या वेळेचा, हिशेब कोणी करत नाही. तीनशे माणसं, एका वेळी वीस आणि तीन मिनिटं धरली तरी पाऊण तास होतो. दोन गाणी कशी पुरणार? पाच-सहा संथ गाणी आणि मध्ये नुसती पेटी, असं ठरवून ठेवावं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची (1861–1919) भजनं इथे घ्यावीत: क्वायरने ओळ म्हणायची, मंडळीने झेलायची. भाषांतरित कॅरोलपेक्षा ती आपल्या तोंडात सहज बसतात, तरी नाताळात नेमकी तीच वगळली जातात.

मेणबत्त्या पेटवताना दिवे घालवतात, त्यामुळे पुस्तक दिसत नाही. तिथे सगळ्यांना पाठ असलेलंच गाणं, तेही दोन कडवी. शेवटच्या गाण्याला ढोलकी खुशाल घ्यावी. तिथे लय थोडी पळाली तरी पाळकसाहेबसुद्धा रागावणार नाहीत.

– एक उपासक, इंदूर