जिमचं शुल्क वाढवण्याआधी ट्रेडमिलच्या पट्ट्याखाली हात घालून बघा

प्रति,
व्यवस्थापक, इमारत देखभाल व सुविधा विभाग

विषय: जिमचं शुल्क दीडपट करण्याची नोटीस, दोनपैकी एक ट्रेडमिल बंद, दुसरी बाराव्या मिनिटाला थांबणारी, केबल मशीनमध्ये पिनेच्या जागी स्क्रूड्रायव्हर

आजच्या फोननंतर हे लेखी देत आहे, कारण तोंडी सांगितलेलं तुमच्याकडे 'क्लोज' होतं.

नोटीस म्हणते की वाढीव शुल्क ज्यांना परवडत नसेल त्यांनी महिनाअखेरीपर्यंत जिममधून नाव काढून घ्यावं. प्रश्न परवडण्याचा नाही, मोबदल्याचा आहे. इमारतीतल्या जिमला बाहेरच्या जिमपेक्षा सरस असं एकच काही असतं: लिफ्टने खाली उतरलं की पोहोचलो. जाण्यायेण्याचा वेळ लागत नाही, त्यामुळे हाताशी २५ मिनिटं असली तरी व्यायाम होतो. वजनं, यंत्रं, शिकवणारा माणूस, या सगळ्यात बाहेरचा जिम पुढे राहणारच आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण दुपारी ११ ते ४ कुलूप आणि रात्री ९ ला दिवे बंद करून तो एकुलता एक फायदाही तुम्ही काढून घेतलात.

आता हिशोब. फ्लॅट १४०. गर्दी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९, म्हणजे सहा तास. अर्ध्या तासाची पाळी धरली तर दोन ट्रेडमिलवर २४ पाळ्या होतात, एक बंद असल्याने १२. आठवड्यातून तीनदा येणारा माणूस महिन्यात १२ खेपा घालतो. त्यातल्या चार रांग बघून परत जाण्यात गेल्या तर आठ उरतात. शुल्क दीडपट, खेपा दोन तृतीयांश: प्रत्येक खेप सव्वादोन पट महाग. नोटिशीत हा आकडा सापडला नाही.

ट्रेडमिल का थांबते हे तुमच्या तंत्रज्ञाला माहीत असायला हवं, तरी लिहितो. पट्टा आणि त्याखालची फळी यांच्यामध्ये सिलिकॉन तेलाचा पातळ थर लागतो. तो सुकला की घर्षण वाढतं, मोटर जास्त करंट ओढते, मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. वजनदार माणूस हळू चालत असला तर हे आणखी लवकर होतं. तपासायला यंत्र लागत नाही. वीज काढायची, पट्टा मधोमध कडेने उचलायचा, बोटं आत घालायची. बोटं कोरडी आली तर तेल हवं. आमची कोरडी आली, वर काळी भुकटी लागून आली.

तंत्रज्ञाने काय केलं? गंजलेल्या बिजागरीवर मारतात तो सर्वकामी स्प्रे मारला. पेट्रोलियमचा तो स्प्रे पट्ट्याची खालची बाजू खराब करतो. मग पट्टा घसरू लागला, म्हणून मागच्या रोलरचे दोन्ही बोल्ट आवळले, आणि तेही पाव फेरा फिरवून चालवून बघत नव्हे, एकदम. आता पट्टा मध्यभागी २ सेंटीमीटरही उचलत नाही. साधारण ५ ते ७ उचलला पाहिजे. म्हणजे तेलाअभावी मोटरवर आधीच ताण होता, त्यात रोलरच्या बेअरिंगवर ताणाची भर. जी ट्रेडमिल बंद आहे ती याच उपचाराने गेली.

शिवाय दोन्हींच्या माहितीपट्टीवर 'एच' वर्ग छापलेला आहे. व्यायामयंत्रांच्या आयएसओ २०९५७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एच म्हणजे घरगुती वापर. व्यावसायिक वापराचा वर्ग एस. १४० घरं म्हणजे एक घर असं तुमचं मत असेल तर शुल्कही एकाच घराकडून घ्या.

आजचं संभाषण जसंच्या तसं देतो, रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच.

"सर, सिस्टीमला तुमची तक्रार क्लोज दिसतेय."
"मशीन बंद पडतंय."
"हो सर, पण तक्रार क्लोज आहे."
"कोणी केली?"
"टेक्निशियनने चेक केलंय सर. ऑफ-ऑन केल्यावर चालू झालं."
"किती वेळ चालवून पाहिलं?"
थोडी शांतता, कीबोर्डचा आवाज. "दोन मिनिटं."
"ते बाराव्या मिनिटाला थांबतं."
"मग सर, दहा मिनिटंच वापरा ना."

हे गमतीने नव्हतं. उपाय म्हणून सुचवलेलं होतं. आणि त्यावर: "तसंही सर, सिस्टीमप्रमाणे गेल्या महिन्यात तुम्ही दोनदाच जिमला गेलात."

गेल्या महिन्याच्या ४ तारखेपासून दाराचा कार्ड रीडर बंद आहे. दार उघडं राहावं म्हणून त्याला १० किलोची प्लेट टेकवलेली आहे. ती प्लेट जोडीतली एक; दुसरी रॅकवर एकटी पडून आहे, त्यामुळे बारला दोन्ही बाजूंना १० किलो लावता येत नाहीत. म्हणजे तुमचा बंद रीडर आमची हजेरी मोजतो, आमची प्लेट तुमचं दार धरते, आणि त्या हजेरीवरून तुम्ही आम्हाला आळशी ठरवता. या कल्पकतेतली थोडी देखभालीकडे वळवली असती तर पत्राची वेळ आली नसती.

सुरक्षेचं विनोदात घालवता येत नाही. ट्रेडमिलची लाल सेफ्टी की हरवली आहे. तिच्या जागी चुंबकाचा तुकडा सेलोटेपने चिकटवलाय. सेफ्टी की कपड्याला अडकवलेली असते ती यासाठी, की माणूस पडला की ती निघावी आणि पट्टा थांबावा. सेलोटेप निघत नाही. मागे २ मीटर मोकळी जागा हवी, भिंत ६० सेंटीमीटरवर आहे. पडलेला माणूस भिंत आणि चालता पट्टा यांच्यात अडकेल आणि कातडी सोलून निघेल.

केबल मशीनच्या वजनांच्या चवडीत वजन निवडायच्या पिनेऐवजी स्क्रूड्रायव्हर आहे. पिन भोकाच्या व्यासाची असते आणि जागी अडकून राहते. स्क्रूड्रायव्हर हलतो, वजन वर असताना सरकला तर उचललेली चवड खाली येते. त्याच केबलचं प्लास्टिक वरच्या पुलीपाशी फाटलंय, आतल्या दोन तारा तुटलेल्या दिसतात. अशी केबल दुरुस्त करत नाहीत, बदलतात.

डंबेल १० किलोवर संपतात. पायांच्या व्यायामाला ते महिन्याभरात अपुरे पडतात. आणि कार्ड रीडर अजून बंद आहे, हे पुन्हा लिहितो, कारण उद्या त्याच नोंदी दाखवून "वापरच नाही" म्हणून जिम बंद करण्याची नोटीस येईल.

सात दिवसांत हवं ते असं: देखभालीचं लॉगबुक, तेल घातल्याच्या तारखांसह, केबल आणि पिन नवी, तोवर मशीनला कुलूप, दोन्ही सेफ्टी की, ट्रेडमिल भिंतीपासून २ मीटर पुढे, रात्री ११ पर्यंत जिम उघडा, आणि नवी ट्रेडमिल आणाल ती एस वर्गाची. हे झाल्यावर वाढीव शुल्काचं बोलू. नाही झालं तर इतर रहिवाशांच्या सह्या आणि फोटो घेऊन ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाऊ, शिवाय इमारतीचं कंत्राट नूतनीकरणाला येईल तेव्हा हेच पत्र सभेत वाचू. तुमच्या माहितीपत्रकातला जिमचा फोटो आम्ही जपून ठेवला आहे. त्यात सहा ट्रेडमिल आहेत.

स्क्रूड्रायव्हर बहुधा तुमच्या तंत्रज्ञाचाच, पिवळ्या मुठीचा. पिन आणायला येईल तेव्हा घेऊन जायला सांगा.

एक फ्लॅटधारक